ग्रिलसाठी घरचं फ्लेवर्ड बटर : का फुटतं, का जळतं आणि किती दिवस ठेवायचं

तुम्ही विचारलंय की बटर गॅसवर वितळवलं, त्यात ठेचलेला लसूण, कोथिंबीर आणि लिंबू घातलं, फ्रिजमध्ये ठेवलं, आणि सकाळी बघितलं तर वर पिवळा थर, खाली पांढरट पाणी आणि कोथिंबीर सगळी तळाशी बसलेली. तरी ते ब्रशने चिकनला लावलं तर ग्रिलमधून भडका उठला आणि लसूण काळा पडून कडू झाला. मग गरम पदार्थावर ती बटरची गोल चकती ठेवून देतात ती कशी करतात, आणि उरलेलं किती दिवस चालतं.

बरीच वर्षं ग्रिलसमोर काढलीत, त्यामुळे पहिल्यांदा हे सांगते की तुम्ही केलं तेच मीही केलं होतं. वीसेक माणसांचं जेवण होतं, घाई होती, दोन किलो बटर वितळवलं आणि सगळं एकदम ढवळून ट्रेमध्ये ओतलं. दुसऱ्या दिवशी वडी कापायला गेले तर सुरीखाली वाळू लागावी तसं रवाळ, आणि ट्रेच्या कोपऱ्यात आंबट पाणी. त्या दिवशी पाहुण्यांना नुसतं मीठ-मिरी लावलेलं ग्रिल वाढलं आणि कोणाला काही कळलं नाही, ते सोडा.

तर मुद्दा असा की बटर म्हणजे नुसती चरबी नाही. त्यात साधारण 80 ते 82 टक्के फॅट असतं, 16 टक्क्यांच्या आसपास पाणी, आणि थोडा दुधाचा घट्ट भाग, म्हणजे प्रोटीन वगैरे. हे पाणी अगदी बारीक थेंबांच्या रूपात फॅटमध्ये अडकलेलं असतं आणि त्याला जागच्या जागी धरून ठेवतात ते फॅटचे स्फटिक. बटर 32 ते 35 अंशांच्या आसपास पूर्ण वितळतं, स्फटिक गेले की थेंब एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि जड असल्यामुळे खाली बसतात. परत थंड केलं तर फॅट घट्ट होतं, पण ते पाणी काही पुन्हा आत जाऊन बसत नाही. त्यात तुम्ही लिंबाचा रस आणि धुतलेली ओली कोथिंबीर, म्हणजे अजून पाणीच घातलंत. मग फुटणारच.

म्हणून बटर वितळवायचं नाही, मऊ करायचं. मऊ म्हणजे किती, तर 18 ते 20 अंश. थर्मामीटर नसेल तर बोट दाबून बघा, खड्डा पडला पाहिजे पण बोटाला तेलकट चकाकी यायला नको. बटर चकाकायला लागलं की समजा ते पुढे गेलं, अशा वेळी पाच-दहा मिनिटं फ्रिजमध्ये टाका आणि परत बघा. मायक्रोवेव्हचा मोह टाळा, कारण तो मधूनच वितळवतो आणि बाहेरून ठोकळा कडकच राहतो. घाई असेल तर बटरचे छोटे चौकोनी तुकडे करून ताटात पसरून ठेवा, हवा थंड नसेल तर अर्ध्या तासात काम होतं. किंवा थंडगार ठोकळा सरळ किसणीवर किसायचा, तो तर दहा मिनिटांतच तयार होतो.

कोणतं बटर घ्यायचं? माझं मत, अनसॉल्टेड. सॉल्टेडमध्ये साधारण दीड ते दोन टक्के मीठ असतं, म्हणजे 250 ग्रॅमच्या ठोकळ्यात चार-पाच ग्रॅम मीठ आधीच आहे, आणि त्यात तुम्ही चीज किंवा मिसो (सोयाबीन आंबवून केलेली जपानी पेस्ट) असं खारट काही घातलंत तर हातातून गेलं. पण घरात सॉल्टेडच असेल तर खुशाल वापरा, फक्त वरून मीठ घालू नका. अनसॉल्टेड असेल तर 250 ग्रॅमला अर्धा ते पाऊण छोटा चमचा बारीक मीठ पुरतं. बारीकच घ्या, कारण मीठ फॅटमध्ये विरघळत नाही, त्यातल्या पाण्यात विरघळतं, जाडं मीठ तसंच राहतं आणि दाताखाली येतं. मी तर लिंबाच्या रसात मीठ आधी विरघळवून घेते. घरी घुसळलेलं लोणी चालेल का, चालेल, पण त्यात ताक आणि पाणी जास्त असतं, त्यामुळे ते गार पाण्यात दोन-तीनदा मळून पाणी पूर्ण पिळून काढायचं. तूप मात्र या कामाला नाही. त्यात पाणीच नाही, मग लिंबाचा रस त्यात धरणार कुठे, तो तळाशी जाऊन बसतो. तूप लागेल, पण दुसऱ्या कामाला, ते पुढे सांगते.

आता आत काय घालायचं यापेक्षा ते किती कोरडं करून घालायचं हे जास्त महत्त्वाचं आहे. कोथिंबीर, पार्स्ली, बेसिल, पुदिना जे असेल ते धुवून फडक्यावर पसरून पूर्ण वाळू द्या, हाताला ओल लागता कामा नये. मग धारदार सुरीने चिरा. मिक्सरमध्ये फिरवली की पाला चेचला जातो, रस सुटतो, रंग काळपट होतो आणि गवतासारखा वास येतो. 250 ग्रॅम बटरला बारीक चिरलेला पाला चार मोठे चमचे, भरून. बेसिल आणि पुदिना चिरल्यावर पटकन काळे पडतात, तेव्हा पानं उकळत्या पाण्यात दहा सेकंद बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकायची आणि मग जीव खाऊन पिळायची. पानांना काळं करणारं एन्झाइम उष्णतेने बंद पडतं आणि बटर हिरवंगार राहतं.

लिंबाच्या बाबतीत लोक उलटं करतात, रस भरपूर आणि साल शून्य. लिंबाचा सुगंध सालीतल्या तेलात असतो आणि तेल बटरमध्ये मस्त मुरतं, तर रस म्हणजे आंबट पाणी. एका लिंबाची पिवळी साल बारीक किसून घाला, पांढरा भाग येऊ देऊ नका, तो कडू. रस 250 ग्रॅमला एक मोठा चमचा, फार तर दीड, तोही फ्रिजमधला थंड नको आणि एकदम ओतायचा नाही, अर्धा अर्धा चमचा घालत फेटायचं, आधीचा आत गेल्यावरच पुढचा. बटर तुटक दिसायला लागलं, पाणी कडेने सुटलं, तर घाबरू नका, अजून थोडं मऊ बटर घालून फेटा, बहुतेक वेळा सावरतं. एक छोटा चमचा मस्टर्ड (मोहरीची तयार पेस्ट) घातला तर रस धरून ठेवायला मदत होते आणि चवही चांगली लागते.

लसूण. यावर मी तासभर बोलू शकते. लसणाची पाकळी अख्खी असते तेव्हा फारसा वास नसतो, चिरली-ठेचली की आतली दोन द्रव्यं एकत्र येऊन तो झणझणीतपणा तयार होतो, जितकं बारीक वाटाल तितका जास्त. कच्चा लसूण बटरमध्ये घातला तर पहिल्या दिवशी छान लागतो, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याला एक शिळा उग्र वास यायला लागतो, तुम्हाला कदाचित तेच जाणवलं असेल. त्याच दिवशी संपवणार असाल तर दोन-तीन पाकळ्या कच्च्या, आणि ठेचण्याआधी त्यावर थोडा लिंबाचा रस टाका, आंबटपणामुळे तो तिखटपणा कमी तयार होतो. नाहीतर माझी पद्धत, एक मोठा चमचा बटर छोट्या पॅनमध्ये अगदी मंद ठेवून त्यात पाच-सहा पाकळ्या बारीक चिरून पाच मिनिटं नुसत्या मऊ करायच्या, रंग येऊ द्यायचा नाही, पूर्ण गार करायचं, आणि मग ते सगळं मऊ बटरमध्ये घालायचं. अख्खा गड्डा ओव्हनमध्ये 180 अंशांवर पाऊण तास भाजून पाकळ्या पिळून घातल्या तर गोडसर, जवळजवळ जॅमसारखा लसूण मिळतो, तो मशरूमवर फार भारी लागतो. लिंबात लसूण कधी कधी हिरवा-निळा पडतो, ते दिसायला विचित्र पण खायला काही वाईट नाही.

सुक्या मसाल्यांनाही हाच न्याय. तिखट, पॅप्रिका, जिरे पूड कोरडी घातली तर बटर पिठूळ लागतं आणि मसाला कच्चा राहतो. चमचाभर गरम बटरमध्ये अर्धा मिनिट फुलवून, गार करून मग मिसळा. यांचा रंग आणि वास फॅटमध्ये उतरतो, त्यामुळे अर्ध्या मसाल्यात काम होतं.

फेटायला लाकडी चमचा किंवा स्पॅटुला पुरतो. इलेक्ट्रिक बीटरने हवा भरली जाते, बटर पांढरं, हलकं होतं, ते ब्रेडला लावायला छान, पण गरम मांसावर ठेवलं की डोळ्यादेखत गायब. चकतीसाठी घट्ट बटरच हवं. मग बटर पेपरवर लांबट ढीग घाला, कागद वरून दुमडा, पट्टीने किंवा सुरीच्या बोथट कडेने आत ढकलत गुंडाळी घट्ट करा आणि दोन्ही टोकं चॉकलेटच्या कागदासारखी पिळा. चार सेंटीमीटर जाडीची केली तर 250 ग्रॅमची गुंडाळी साधारण वीसेक सेंटीमीटर लांब होते, तिच्या एकेक सेंटीमीटरच्या चकत्या कापल्या की प्रत्येक 12 ग्रॅमच्या आसपास, एका माणसाला एक. फ्रिजमध्ये दोन तास तरी राहू द्या. कापायची सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून घेतली तर कडा तुटत नाहीत. गुंडाळीचा कंटाळा असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये भरा, चव तीच.

आता तुमचा भडका. ग्रिलची जाळी 250 अंशांच्या वर सहज जाते. बटरमधला दुधाचा घट्ट भाग त्याच्या निम्म्या तापमानालाच लाल व्हायला लागतो आणि पुढे जळतो, लसूण आणि पाला तर त्याहून लवकर. शिवाय वितळलेलं फॅट खाली निखाऱ्यांवर किंवा बर्नरवर ठिबकलं की जाळ उठतो, त्या जाळाचा धूर काजळी घेऊन वर येतो आणि पदार्थाला चिकटतो, तो कडूपणा लसणाचा एकट्याचा नव्हता. म्हणून फ्लेवर्ड बटर हे भाजायचं तेल नाही, तो सॉस आहे. भाजताना पदार्थाला साधं तेल लावा, किंवा तूप, कारण त्यात दुधाचा भाग नसतो आणि ते जास्त उष्णता सोसतं. बटर येतं ते पदार्थ आचेवरून उतरल्यावर.

चिकन आतून 74 अंशांपर्यंत शिजलं, उतरवलं, ताटात ठेवलं, आणि लगेच वर चकती. तसंच पाच मिनिटं राहू द्या. या वेळात मांसातून थोडा रस सुटतो, बटर हळूहळू वितळून त्यात मिसळतं, आणि ताटात जे जमा होतं तेच तुमचं सॉस, ते चमच्याने परत वर घाला, सिंकमध्ये ओतू नका. चकती फ्रिजमधली हवी, फ्रीझरमधली दगडासारखी नको, ती वितळेपर्यंत खालचा पदार्थ निवून जातो. माशाला आणि कोळंबीला चकती अर्धीच पुरते, ते पातळ असतात आणि लवकर गार होतात, तिथे बटर थोडं मऊ असलेलं बरं. मक्याच्या कणसाला मात्र मी चकती न ठेवता बटर फडक्यात घेऊन गरम कणसावरून फिरवते, दाण्यांच्या फटीत शिरतं.

दोन अपवाद आहेत. अख्ख्या चिकनच्या कातडीखाली बटर भरता येतं, कातडी त्याला जाळापासून वाचवते, पण तेव्हा निखारे एका बाजूला करून चिकन दुसऱ्या बाजूला ठेवायचं आणि झाकण लावायचं. दुसरं, अगदी शेवटचं एक मिनिट, जाळ नसलेल्या कडेला सरकवून ब्रशने हात फिरवला तर चालतं. ब्रश वापरताना एवढं सांभाळा की कच्च्या चिकनला लागलेला ब्रश परत बटरच्या भांड्यात बुडवायचा नाही. लागेल तेवढं बटर आधीच वेगळ्या वाटीत काढा आणि वाटीत उरलेलं टाकून द्या. हळहळ वाटते, पण टाका. मध घातलेलं बटर असेल तर तो शेवटचा मिनिटही नको, मध फार लवकर करपतो.

काय काय करता येईल म्हणाल तर मी सगळ्यात जास्त करते ते पार्स्ली आणि लिंबाचं, फ्रेंच लोक त्याला मेत्र द'ओतेल म्हणतात, त्यात मुळात लसूण नसतोच आणि माझ्या मते ते माशाला लसणाच्या बटरपेक्षा बरं लागतं. कणसाला आणि रताळ्याला स्मोक्ड पॅप्रिका, तिखट आणि लिंबाची साल. स्टेकला किंवा मोठ्या मशरूमला ब्लू चीजचं, 250 ग्रॅमला शंभर ग्रॅम चीज कुस्करून आणि भरपूर मिरी, मीठ अजिबात नको. वांगं, कोबीचे जाड काप यांना दोन मोठे चमचे पांढरा मिसो घातलेलं, तिथेही मीठ नको. जिनिव्हातल्या कॅफे द पारीमुळे प्रसिद्ध झालेलं एक बटर आहे त्यात डझनभर तरी जिन्नस घालतात, मस्टर्ड, अँचोव्ही (खारवलेले छोटे मासे), केपर्स (खारवलेल्या आंबट कळ्या), हर्ब्ज, करी पावडर सुद्धा. करून बघा हवं तर, पण पहिल्याच खेपेला नको, कारण चुकलं तर काय चुकलं ते कळणार नाही. आणि एक माझं आवडतं, एक तृतीयांश बटर पॅनमध्ये बदामी होईपर्यंत कढवायचं, खालच्या लाल चुऱ्यासकट पूर्ण गार करायचं, आणि घट्ट व्हायला लागलं की उरलेल्या मऊ बटरमध्ये फेटायचं. मीठ सोडून काही घालायची गरज नाही. इथे बटर मुद्दाम वितळवतोय, पण दोन भाग न वितळलेले आहेत ते सगळ्याला धरून ठेवतात.

किती दिवस टिकतं, हे नीट वाचा. साधं बटर बाहेर राहिलं तर फार बिघडत नाही म्हणून लोक लसणाचं बटरही ओट्यावर ठेवतात. ते करू नका. लसूण जमिनीतून येतो, त्यावर बॉट्युलिझमच्या (अन्नातून होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेच्या) जंतूचे बीजाणू असू शकतात, आणि फॅटमध्ये गाडलेला लसूण म्हणजे हवा नाही, आंबटपणा कमी, ओल आहे, त्यांना हवं तेच सगळं. त्याचं विष तयार झालं तर वास, चव, रंग काहीही बदलत नाही, म्हणून चाखून बघतो हा उपाय नाही. लसूण परतून किंवा भाजून घातला म्हणजे सुटलो असंही नाही, बीजाणू घरगुती आचेला मरत नाहीत. चमचाभर लिंबानेही पूर्ण गड्डा सुरक्षित होत नाही. उपाय साधा आहे, केल्या केल्या फ्रिजमध्ये, 4 अंशांवर किंवा खाली, चार दिवसांत संपवायचं, आणि चार दिवसांत संपणार नसेल तर पहिल्याच दिवशी फ्रीझरमध्ये. जेवताना टेबलावर दोन तासांहून जास्त राहिलेलं परत आत ठेवू नका. ताज्या पाल्याच्या बटरलाही मी हाच नियम लावते, नुसत्या सुक्या मसाल्याचं असेल तर फ्रिजमध्ये दोन आठवडे आरामात.

फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने चव चांगली राहते. आधी चकत्या कापा, मध्ये बटर पेपरचे तुकडे घाला, मग हवाबंद डब्यात, म्हणजे लागेल तेवढ्याच काढता येतात. डबा खरंच हवाबंद हवा, कारण बटर शेजारच्या कांद्याचा आणि मासळीचा वास ओढून घेतं आणि मग लिंबाच्या बटरला कांद्याची चव. वरती नाव आणि तारीख लिहा, गोठल्यावर सगळी हिरवी बटरं सारखीच दिसतात, मी एकदा कणसावर पुदिन्याचं ठेवलंय. वापरायच्या आदल्या रात्री फ्रिजमध्ये उतरवा, ओट्यावर नाही.

राहिलं तुमचं ते फुटलेलं बटर. ते रात्रभर फ्रिजमध्येच होतं आणि कच्च्या चिकनला लागलेला ब्रश त्यात बुडवला नव्हता ना, मग टाकू नका, पण आजच वापरा. वरचा घट्ट थर उचलून घ्या, खालचं पाणी टाकून द्या, नाहीतर पॅनमध्ये जोरात उडेल. तो थर मंद आचेवर वितळवून गाळून घ्या म्हणजे लसूण-कोथिंबीर वेगळी होईल, आणि त्यात मशरूम किंवा उकडलेले बटाटे परता. गाळलेला लसूण शेवटी वरून घाला, तेव्हा गॅस बंद असू द्या. नवीन बटरसाठी 250 ग्रॅमचा ठोकळा आत्ता बाहेर काढून तुकडे करून ठेवलात तर बटाटे खाऊन होईपर्यंत तो मऊ झालेला असेल.